मोटारखोलीतली गिरणी

शके एकोणीसशे एक, सिद्धार्थीनाम संवत्सर, चैत्र मास. इंग्रजी गणनेने एकोणीसशे एकोणऐंशीचा एप्रिल. स्थळ नाशिक, गंगापूर रस्त्याच्या अंगास नव्याने वसलेली एक वसाहत, तीमधील माझे घर, आणि त्या घराची मोटारखोली.

मोटारखोलीविषयी प्रारंभीच खुलासा करणे मला भाग आहे, कारण पुढील सर्व अनर्थांचे ते अधिष्ठान आहे. माझ्याकडे मोटार नाही. कधीही नव्हती. माझ्या घराचा नकाशा मुळात दुसऱ्याच एका गृहस्थासाठी काढलेला होता. त्याने ऐनवेळी घर बांधण्याचा बेत सोडला आणि नकाशा माझ्याकडे आला. नकाशात मोटारखोली होती, म्हणून घरातही ती झाली. नकाशा मंजूर झाल्यावर त्याबरहुकूम बांधणे हा नागरिकाचा धर्म आहे, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. रावजी अण्णा, म्हणजे आमचे सख्खे शेजारी, सरकारी छापखान्यातून सेवानिवृत्त झालेले, हे गेली कित्येक वर्षे मला भेटले की "काय मास्तर, मोटार आली का?" असे विचारीत. मी उत्तर देत नसे. शिक्षकी पेशात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला अनुत्तरित ठेवण्याजोगे प्रश्न ओळखता येतात.

तर त्या मोटारखोलीत मी जुन्या मासिकांचे बांधीव खंड ठेवले होते आणि चैत्रातील त्या दुपारी त्यांच्यावरील वाळवी झटकीत होतो, तोच दारात अक्का उभी राहिली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सिंधुबाई. भावजी गेल्यापासून ती ओझरला तिच्या मुलाकडे असे. मुलगा सहादू तेथील विमानांच्या कारखान्यात नोकरीस होता.

"रंगनाथ," ती म्हणाली, "ही खोली मला भाड्यानं दे."

"तुला? कशासाठी?"

"पिठाची गिरणी टाकते."

मी हातातील खंड खाली ठेवला. तो जड होता हे एक कारण.

"अक्का, तुझे वय बासष्ट आहे."

"मला माहीत आहे. मी तुझ्याआधी जन्मले."

मी दुसऱ्या बाजूने गेलो. ओझरला तुला काय उणे आहे, असे विचारले. ती खंडांच्या ढिगावर बसली (मला ते रुचले नाही) आणि पदराने वारा घेत म्हणाली, "उणं काही नाही. नळाला पाणी आहे, पंखा आहे, गॅस आहे. सकाळी सहादू कारखान्यात जातो, सून शाळेत शिकवायला जाते, पोरं शिकायला जातात, आणि मी दाराला कुलपासारखी असते. संध्याकाळी येतात, कुलूप काढतात. वाईट कोणी वागत नाही रे. पण त्या घरात मला विचारून काही होत नाही. भाजीसुद्धा."

"मग भाजीविषयी सहादूशी बोलता येईल."

अक्काने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने ती मला मी सात वर्षांचा असताना पाहात असे.

"तुमच्या वसाहतीत गिरणी नाही," ती म्हणाली. "बायका डोक्यावर डबे घेऊन पार बाजारात जातात. मी मालेगावला नणंदेच्या गिरणीत महिनाभर राहून सगळं शिकून आले आहे. आता सांग, देतोस का खोली? भाडं घेशील तरच येईन, नाहीतर दुसरी बघते."

भाडे घेणाऱ्या भावाविषयी लोक काय म्हणतील, हा प्रश्न मी उपस्थित करणार होतो. तेवढ्यात आतून आमच्या कुटुंबाचा आवाज आला: "वन्सं, खोली तुमची. या पुस्तकांचं काय करायचं तेवढं सांगा." अशा रीतीने माझ्या मोटारखोलीचा निकाल माझ्या उपस्थितीत व माझ्याशिवाय लागला.

पुढच्या रविवारी सहादू आला. हा मुलगा मनाने अत्यंत चांगला आहे, आणि चांगल्या मुलांशी वाद घालणे नेहमीच कठीण जाते.

"आई, लोक म्हणतील, पोरगा विमानं बनवतो आणि आई पीठ दळते."

"विमान तू एकटा बनवतोस का?"

"नाही, पण..."

"पीठ मी एकटीच दळणार आहे."

"मामा, तुम्हीच सांगा हिला काहीतरी."

मी सांगितले. दोन्ही पक्षांच्या भूमिकांचा साकल्याने परामर्श घेऊन मी असा तोडगा सुचविला की, अक्काने दसऱ्यापर्यंत गिरणी चालवून पाहावी. वसाहतीतील बायकांनी ती आपली मानली, तर अक्का येथेच राहील आणि सहादू पुन्हा शब्द काढणार नाही. त्यांनी मानली नाही, तर दसऱ्याचे सोने वाटून झाले की ती यंत्र विकून सहादूबरोबर ओझरला जाईल आणि पुन्हा शब्द काढणार नाही. दोघांनी मान्य केले. पंच म्हणून माझी नेमणूक झाली, म्हणजे मी ती केली.

सहादू गेल्यावर अक्का खिडकीशी आली. "मी हरले ना रंगनाथ," ती म्हणाली, "तर पुन्हा माझी काही मागायची हिंमत होणार नाही." एवढेच बोलून ती खोली झाडायला गेली.

गिरणीस निराळ्या प्रकारचा वीजपुरवठा लागतो. तो देणाऱ्या कचेरीचे नाव मी येथे घेत नाही. अर्ज मी लिहिला. धान्य दळण्याच्या क्रियेचे मानवी संस्कृतीतील स्थान प्रथम विशद करून, वसाहतीच्या भौगोलिक स्थितीकडे वळून, तिसऱ्या पृष्ठाच्या मध्यावर मी प्रत्यक्ष मागणी मांडली होती. कचेरीतील कोणी तरी पहिले पृष्ठ वाचून तो अर्ज शेतकी खात्याकडे अभिप्रायार्थ धाडला. शेतकी खात्याने सहा आठवड्यांनी 'अभिप्राय नाही' असा अभिप्राय दिला. मी त्यावर प्रत्युत्तर लिहावयास बसलो होतो. परंतु अक्काने चपला घातल्या आणि ती स्वतःच कचेरीत गेली. मी सोबत गेलो, कारण तिला तेथील शिष्टाचार ठाऊक नव्हते.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. मला दिली नाही.

"बाई, गिरणी चालवणार कोण?"

"मी."

"तसं नव्हे. यंत्र कोण चालवणार?"

"मीच. बटण दाबायला मिशा लागतात का?"

साहेबांनी आपल्या मिशीवरून नकळत हात फिरविला. "घरात पुरुष माणूस कोण आहे?"

"भाऊ आहे."

"मग त्यांना पाठवा ना अर्ज घेऊन."

"त्यांनाच पाठवलं होतं," अक्का म्हणाली.

साहेब इतके हसले की शिपाई आत डोकावला. त्याच आठवड्यात विजेच्या तारा आल्या. माझा अर्ज मी परत मागितला. तो मिळाला नाही.

या अवधीत शेजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. रावजी अण्णांचे म्हणणे असे की गिरणी म्हणजे घराला रोजचा भूकंप. "आमच्या मेव्हण्याच्या शेजारी गिरणी होती मास्तर. त्याची कवळी टेबलावरून चालत जायची. चालत!" मी म्हणालो, कवळीला पाय नसतात. ते म्हणाले, म्हणून तर सांगतो.

सर्वांत गंभीर पृच्छा कुसाबाईंची होती. या कळवणकडच्या. गडावरच्या देवीवर त्यांची अढळ निष्ठा. नवरात्राचे नऊ दिवस त्या राजगिरा आणि भगर यांपलीकडे कशाला शिवत नसत, आणि वसाहतीतील यच्चयावत बायका धर्मविषयक शंकेचे अंतिम निवारण त्यांच्याकडून करून घेत. त्या आल्या, मोटारखोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत सर्व काही पाहून म्हणाल्या, "उपासाचं दळन येगळं दळशाल ना, सिंधुबाई?"

"वेगळ्या दिवशी दळीन. दगड धुऊन-पुसून. त्या दिवशी गव्हाचा दाणा आत येणार नाही."

"मंग हाय आमी," कुसाबाई म्हणाल्या. तात्पर्य, वसाहत अनुकूल झाली.

ज्येष्ठात गिरणी आली. बसवावयास सटाण्याकडचा गोटीराम म्हणून कारागीर आला होता. त्याने दगडांना नवी टाकी लावली, म्हणजे छिन्नीने टोचून ते खरखरीत केले, पट्टा चढविला, बटण दाबले, आणि माझ्या बैठकीतील घड्याळ, आरसा व सेवानिवृत्तीच्या समारंभातील छायाचित्र ही तिन्ही एकामागोमाग एक खाली आली. "गिरनी मस्त शे, आक्का," गोटीराम म्हणाला, आणि पहिले पीठ फेकून द्या, त्यात दगडाची कच असते, असे बजावून चहा पिऊन गेला.

अन्न फेकणे मला तत्त्वतः मान्य नाही. ते पीठ पाहावयास निर्दोष होते. अक्का हिशेबीपणाने पहिले पीठ गाईकडे नेण्यास निघाली असता मी तिला अडविले नाही. मी केवळ त्यातील थोडे आधीच काढून आमच्या कुटुंबाकडे दिले होते, आणि उद्घाटनासाठी आलेल्या सहादूच्या ताटात पहिली पोळी त्या पिठाचीच पडली. पहिल्याच घासाला असा आवाज झाला की रावजी अण्णा कुंपणापलीकडून "काय पडलं?" म्हणाले. सहादूची दाढ होती. दंतवैद्याने ती वाचविली, परंतु सहादूने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तिच्यात पूर्वीचा आदर शोधावा लागला.

एवढे सोडले तर पुढचे महिने फार चांगले गेले, असे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. सकाळी डब्यांची रांग लागे. प्रत्येक घराचे दळण अक्काच्या हाताला ठाऊक झाले. कोणाला भाकरीचे पीठ मऊ हवे, कोणाला रवाळ, हे तिला विचारावे लागत नसे. ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन स्टुलावर बसे आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोले. माझी बहीण इतक्या मोठ्याने बोलू शकते हे मला त्या वयापर्यंत ठाऊक नव्हते. बायका दळण झाल्यावरही तेथेच रेंगाळत. मोटारखोलीची किल्ली अक्काच्या कमरेला असे. मी एकदा मागितली. "भाडं देते ना?" ती म्हणाली.

आता नवरात्राकडे येतो. इच्छा नाही, परंतु येतो.

गिरणीच्या दगडांत एका दळणाचे पीठ थोडे मागे राहते आणि ते पुढच्या दळणात उतरते. गव्हावर गहू दळला, तर कोणाचे काही बिघडत नाही. उपवासाच्या धान्यापूर्वी मात्र अन्य धान्य त्या दगडांतून गेलेले चालत नाही. हे वसाहतीतील प्रत्येक स्त्रीला ठाऊक होते. मला नव्हते. पस्तीस वर्षांत हा भाग अभ्यासक्रमात कधीही आलेला नव्हता.

घटस्थापनेस दोन दिवस उरले असता अक्काने उपवासाच्या दळणाचा दिवस ठेवला. पहाटेस उठून तिने दगड उघडले, कुंचल्याने झाडले, फडक्याने पुसले, पहिली मूठभर भगर दळून चिमण्यांना टाकली. बायकांनी राजगिऱ्याचे आणि भगरीचे डबे आणून ओळीने मांडले व त्या आपापल्या कामांस गेल्या. डबा रांगेत आहे म्हणजे आपण रांगेत आहोत, अशी तेथील वहिवाट होती. ओळीत पहिला डबा कुसाबाईंचा. अक्काने बटण दाबले, तोच विजेने दगा दिला. मोटर गुरगुरे, फिरेना.

"मी कचेरीतून माणूस घेऊन येते," अक्का म्हणाली. "रंगनाथ, तू नुसता बैस. कोणी डबा आणला तर ओळीत ठेव. यंत्राला हात लावू नकोस."

आणि ती गेल्यावर पाव घटकाही झाली नसेल, तोच मोटर आपण होऊन फिरू लागली; बटण दाबलेलेच राहिले होते. आता येथे वाचकाने माझ्या स्थितीचा विचार करावा. वीज पुन्हा केव्हा जाईल याचा नेम नाही. समोर वसाहतीच्या व्रताचा प्रश्न ओळीने मांडलेला. आणि बटणे, पट्टा व झडप यांचे कार्य मी चार महिने निरीक्षिलेले. निष्क्रियता हा अशा वेळी सद्गुण ठरत नाही.

मी पहिला डबा उचलणार तोच रावजी अण्णा आपला डबा घेऊन आले. त्यांना मधुमेह होता, वैद्याने उपवास वर्ज्य केला होता, आणि घरात पोळीचे पीठ संपले होते.

"ओळीत ठेवा," मी म्हणालो.

"ओळ कुठे आहे मास्तर? हे तर डबे आहेत. मी माणूस उभा आहे. डबा मोठा की माणूस?"

मी हा प्रश्न थोडक्यात निकालात काढू शकलो असतो. परंतु प्रश्न तत्त्वाचा होता, आणि विचार केल्यावर मला असे दिसून आले की रावजींची बाजू न्यायशास्त्राला धरून आहे. सर्व प्रमाणांत प्रत्यक्ष हे श्रेष्ठ. डब्यांच्या मालकिणी तेथे आहेत हे केवळ अनुमान होते. रावजी प्रत्यक्ष होते. आयुष्यात प्रथमच आमच्यात एकमत झाले. त्या आनंदात मी त्यांचे गहू दळून दिले, आणि पाठोपाठ ओळीतील सर्व डबे, अनुक्रम न मोडता, एकही दाणा न सांडता.

अक्का कचेरीतील माणसाला घेऊन परतली तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. मला थोडी शाबासकी अपेक्षित होती. ती दळलेल्या डब्यांकडे पाहात राहिली. मग तिची नजर रावजींवर गेली. ते पोळीच्या पिठाचा डबा काखेत धरून गप्पा मारावयास थांबले होते.

"रंगनाथ, गहू केव्हा दळले?"

"प्रथम. न्यायाने."

"पहिला डबा गव्हाचा?"

"अक्का, रावजी प्रत्यक्ष होते आणि..."

"त्यामागून कोणाचा डबा?"

"कुसाबाईंचा."

अक्का खाली बसली. कचेरीतील माणसाने परिस्थिती ओळखली आणि सायकलवर टांग टाकली.

रावजी अण्णा म्हणाले, "अहो, चिमूटभर तर असेल. कोणाला कळतंय? बोलूच नका म्हणजे झालं." मीही, केवळ शास्त्रीय दृष्टीने, असे निदर्शनास आणले की असत्य आणि मौन यांत पूर्वसूरींनी भेद केलेला आहे.

"नऊ दिवस कडक उपास धरणाऱ्या बाईला मी गहू खाऊ घालू?" अक्का म्हणाली. "आणि रोज तिच्याशी हसून बोलू?" ती उठली, तोंडावरचे पीठ पुसले, आणि दारोदार निघाली.

मी पाठोपाठ गेलो. प्रत्येक दारात अक्का दोन वाक्यांत सांगे: तुमच्या उपासाच्या पिठात गहू उतरला आहे, ते खाऊ नका, नवं धान्य मी आणते, आज संध्याकाळपर्यंत नीट दळून देते. मग मी घटनेची कारणपरंपरा स्पष्ट करी. माझ्या लक्षात आले की अक्काच्या बोलण्याने बाईंचा चेहरा जेवढा सैल होई, तेवढा तो माझ्या स्पष्टीकरणाने पुन्हा आवळे. चौथ्या दारानंतर अक्काने मला फाटकापाशीच उभे केले.

कुसाबाईंनी सर्व ऐकून घेतले.

"देवीच्या उपासात गहू?"

"चूक माझ्या गिरणीत झाली. मी भरून देते."

"माह्या सासूनं कदी मोडला नाय, म्या कदी मोडला नाय," कुसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, हेच भयंकर होते. "तुमचं भरून नगं आपल्याला. अन् डबाबी पुन्यांदा तुमच्या गिरनीत यायचा नाय."

दार लागले. अक्काने बाजारातून धान्य आणून, दगड पुन्हा उघडून, सूर्यास्तापूर्वी सर्वांचे दळून घरोघर पोचविले. बायकांनी ते घेतले, परंतु कोणी 'बसा' म्हणाले नाही. कुसाबाईंचा डबा तेवढा परत आला. आणि घटस्थापनेच्या सकाळी वसाहतीतील सर्व डबे, कुसाबाईंच्या मागोमाग, पुन्हा बाजाराच्या दिशेने निघाले. आमच्या कुटुंबाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले. मला चहा मिळत होता, परंतु तो ठेवण्याच्या आवाजात मत व्यक्त होत असे.

पुढचे चार-पाच दिवस मोटारखोलीत शांतता होती. मी आयुष्यभर शांततेचा पुरस्कार केला आहे. ती शांतता मला सहन झाली नाही. अक्का रोज सकाळी गिरणी उघडी, यंत्र पुशी, आणि हात मांडीवर ठेवून बसे. रविवारी सहादू आला. त्याला सर्व कळले होते. तो एका शब्दानेही मला बोलला नाही.

"आई, दसऱ्याला टेम्पो आणतो," तो हळूच म्हणाला. "गोटीरामशी बोललोय. यंत्र तो परत घेतो."

"बरं," अक्का म्हणाली.

बस. इतकेच. तिने माझ्याशी भांडावे अशी माझी फार इच्छा होती. उत्तरे तयार होती. ती भांडली नाही. आपली ट्रंक काढून ती पुसू लागली.

सोमवारी सकाळी दारात एक अपरिचित बाई डबे घेऊन उभ्या राहिल्या. एकात गहू, एकात ज्वारी. या भिमाबाई, पलीकडच्या बौद्ध वसाहतीत राहणाऱ्या, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका.

"गिरणी चालू आहे ना?"

"चालू आहे," अक्का म्हणाली. "पण इथं काय झालं ते तुमच्या कानावर आलं असेल."

"आलं. आमच्यात हा उपास नसतो. बाजार लांब आहे, आणि माझी शाळा अकराला भरते. दळता का?"

अक्का उठली. मी मदतीस उठलो. दोघींनीही माझ्याकडे पाहिले, मी बसलो.

दुसऱ्या दिवशी भिमाबाईंबरोबर आणखी सहा-सात बायका आल्या. दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्राचा मोठा दिवस. घरोघर पुऱ्या व्हायच्या, पाहुणे यायचे, गहू हवे होते. "अहो अक्का, यांच्याच हातचं दळण का? यांना दूर ठेवलंय ना?" त्यांतल्या एकीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, आणि सगळ्या हसल्या. अक्काही हसली. मी त्या हसण्याचा निषेध मनातल्या मनात नोंदविला, आणि मला मोठे बरे वाटले, याची कारणमीमांसा मी आजवर केलेली नाही. गिरणीची घरघर पुन्हा सुरू झाली. ती आमच्या वसाहतीत सर्वत्र ऐकू जात होती. कुसाबाईंच्या घरीही जात असणार.

परंतु पंच या नात्याने मला हे मान्य करावे लागत होते की अट आमच्या वसाहतीची होती. आमच्या वसाहतीतील एकही डबा आलेला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी गिरणीला झेंडूची माळ होती. टेम्पो फाटकाशी उभा होता. सहादूने ट्रंक उचलून ओट्यावर ठेवली होती आणि तो, बिचारा, आईच्या डोळ्यांकडे न पाहता दोर सोडीत होता. रावजी अण्णा दोर कसा बांधावा हे टेम्पोवाल्यास सांगत होते. अक्का यंत्रापाशी उभी होती. तिचा हात पट्ट्यावर होता.

तेवढ्यात कुसाबाई आल्या. डोक्यावर डबा होता. त्यांच्यामागे आणखी पाच-सहा बायका आणि पाच-सहा डबे. त्या थेट मोटारखोलीत गेल्या, डबा उतरविला, आणि पदराने घाम पुसला.

"अष्टमीला राजगिरा सरला," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा रीतीने म्हणाल्या. "बाजारातल्या गिरनीत नेला. येरवी डबा ठिवून येते, आवंदा जवळ उभी ऱ्हायले. या झाल्या परकारानं मन भ्यालं व्हतं. तर त्या बाप्यानं हरभऱ्याची डाळ दळली अन् तिच्यावरच माहा राजगिरा वतला! म्हनलं, आरं, उपासाचं हाय ना! तर म्हनतो कसा, आजी, दर साली असंच दळतोय, कदी काय झालं का तुमाला?"

रावजी अण्णा टेम्पोवाल्याला सोडून दारात आले.

"दर साली!" कुसाबाई म्हणाल्या. "म्या उपास धरते अन् त्यो मला हरभरा चारतो, अन् तोंडातून शबुद काढत नाय. लय रडले देवीपुढं. मंग म्हनलं, चुकी सांगाया दारात आली ती येकलीच आली, अन् तिच्याच तोंडावर म्या दार लावलं."

अक्काने डब्याचे झाकण उघडले, आतले गहू मुठीत घेतले, बोटांमधून सोडले. तिचे डोळे भरले होते, परंतु तिने विचारले ते नेहमीच्याच आवाजात, "पोळ्यांना ना? बारीक दळू?"

"बारीक. पुरनाच्या हायती."

सहादू हातात दोर घेऊन दारात उभा होता. "आई," तो म्हणाला, "मग ट्रंक...?"

ही वेळ पंचाची होती. मी पुढे झालो, घसा साफ केला, आणि म्हणालो, "उभयपक्षी ठरलेल्या अटींचा, तसेच मधल्या काळात घडलेल्या घटनांचा साकल्याने विचार करता, पंच या नात्याने मी अशा निष्कर्षाप्रत..."

"मास्तर, जरा थांबा," कुसाबाई म्हणाल्या, आणि सहादूकडे वळल्या. "बाबा, टेम्पो माघारी धाड. तुही आई हितंच ऱ्हाईल. अन् या मास्तरांना गिरनीत पाय ठिवू दिऊ नका."